भारंभार खोबरं

मी विमानदलात होतो असं कळलं की माणूस आधी माझ्या छातीकडं बघतो. सदऱ्याच्या खिशाच्या वर, जिथं वैमानिकाचे पंख असतात तिथं. आता म्हाताऱ्यानं पंख लावून बाजारात कशाला हिंडावं, पण नजर तिथंच जाते. मग विचारतात, "म्हणजे तुम्ही विमान चालवायचे?" मी म्हणतो, नाही, मिस्त्री होतो. त्यावर जे "अच्छा" येतं, ते ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं. लोकांचा काही दोष नाही. त्या "अच्छा"च्या आधीच माझी मान खाली गेलेली असते, आणि राग येतो तो त्याचाच.

आमचं गाव अणदूर. खंडोबाचं. आमचा देव वर्षातले काही दिवस नळदुर्गाला बिऱ्हाड हलवतो आणि पुन्हा आमच्याकडं येतो. गावात गंमतीनं म्हणत, देव सुद्धा एका जागी बसत नाही, तर तरण्या पोरांनी काय बसावं. मी धाराशिवच्या हायस्कुलात शिकलो. निजामाचं राज्य, म्हणून सगळं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी म्हणाल तर पुस्तकातल्या धड्यापुरती. तिथं माझा एक दोस्त होता. त्याचे वडील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, घर दर्ग्याजवळच्या गल्लीत. त्याच्या आईच्या हातचं मी इतकं खाल्लंय की माझ्या हाडात निम्मा वाटा त्या घरचा असावा. आईला तो अम्मा म्हणे, म्हणून मीही अम्माच म्हणत असे.

दुसरी मोठी लढाई पेटली तेव्हा विमानदलाची भरती निघाली. शाळेत एक साहेब आला, त्यानं भिंतीवर विमानाचं चित्र लावलं, आणि आम्ही दोघं त्या चित्रावर भाळलो. देशासाठी, राजासाठी, कशासाठी गेलो असं आता कुणी विचारलं तर खरं सांगतो, त्या चित्रासाठी गेलो. निवड झाली तसा आमच्या आबांचा आवाज बदलला. माझे वडील तसे मध्यम शेतकरी, पण बैलांच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द चाले. आता ते प्रत्येक वाक्यात "आमचं विमानवालं पोरगं" म्हणू लागले. मी निघालो त्या दिवशी देवळापुढं गाव जमवून त्यांनी मोठ्यांदा नवस बोलला. "देवा मल्हारी, पोरगं विमान चालवाया लागलं, की त्याच्या भारंभार खोबरं अन् भंडारा तुझ्या पायरीवर वतीन." आई त्यांच्या मागं पदर धरून उभी होती. तिचेही ओठ हलताना मी पाहिले. पण आई कधी मोठ्यांदा बोलत नसे, आणि मला तेव्हा आबांच्या आवाजापलीकडं काही ऐकू येत नव्हतं.

सुरुवातीचं शिक्षण लाहोराकडं झालं. विमान तिथं दिसलंच नाही. सकाळी धावणं, कवायत, मग वर्गात वारा, ढग, नकाशा, होकायंत्र, आणि तारेची टकटक कानानं ऐकून अक्षरं ओळखणं. काट्या-चमच्यानं जेवणं हाही त्या शिक्षणाचाच भाग. माझी सागुती ताटातून उडून समोरच्याच्या मांडीवर जायची. दोस्तानं मला खोलीत बसवून बोथट सुरीनं भाकरीसारखे कागद कापायला लावले, तेव्हा कुठं जमलं. आमच्या टोप्यांना पुढं एक पांढरी पट्टी खोचलेली असे. ती पट्टी म्हणजे हा पुढं वैमानिक होणार, याची खूण. आम्ही दोघांनी पट्टीवाल्या टोप्या तिरक्या करून फोटो काढला आणि एकेक प्रत घरी धाडली. आबांनी ती चौकट करून ओसरीवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली, आणि कुणी न बघता पुढं गेलं तर हाक मारून बोलावून दाखवली.

तिथून आम्ही हैदराबादला बेगमपेठेच्या मैदानावर आलो. खरं उडणं तिथं सुरू झालं. शिकाऊ विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणून रंगवलेलं कापड, आणि एकावर एक असे दोन पंख. पुढं उस्ताद, मागं शिकणारा. मध्ये रबरी नळी, तीतून उस्तादाचा आवाज कानात येई. दोघांच्याही पुढ्यात विमान वर-खाली करायचा दांडा, दोघांच्याही पायाशी डावं-उजवं वळवायची आडवी पट्टी. उस्तादानं दांडा हलवला की आपलाही हले. आधी तो करतो, आपण नुसता हात ठेवायचा; मग आपण करायचं आणि तो नुसता हात ठेवणार; आणि एक दिवस तो पट्टे सोडून खाली उतरतो आणि म्हणतो, जा, एकटा जा. सगळी शाळा त्या एका दिवसासाठी होती.

आभाळात मी चांगला होतो हे मला सांगायचंच आहे. उजवं-डावं वळणं, चढणं, इंजिन मंद करून घिरट्या घालत खाली येणं, सगळं जमलं. एक बंद पेटी होती, खोट्या विमानाची. आत बसायचं, वरून झाकण लावायचं, आणि काट्यांकडं बघून उडवल्यासारखं करायचं. त्या पेटीत मी सगळ्यांच्या पुढं असायचो. कारण पेटीत जमीन नसते.

माझं घोडं जमिनीपाशी अडलं. विमान उतरवताना जमीन धावत अंगावर येते. तिथं दांडा हळूहळू, अगदी हळूहळू मागं घ्यायचा असतो. विमान जमिनीच्या वर तरंगत ठेवायचं आणि त्याचं त्याला बसू द्यायचं. उस्ताद गोरा होता, पण स्वभावानं शांत. नळीतून म्हणायचा, थांब, अजून थांब, अजून. आणि जमीन धावत आली की माझे हात दांडा एकदम पोटाशी ओढायचे. विमान उसळी घेऊन वर जायचं, वेग संपायचा आणि धाडकन खाली आपटायचं, पुन्हा उसळायचं. मैदानाच्या कडेला बसलेली पोरं मोठ्यानं उड्या मोजायची. उस्ताद विचारायचा, का ओढलास? मी म्हणायचो, ओढला नाही सर. आणि मला खरंच वाटायचं की मी ओढला नाही.

का ओढत होतो ते मला एका दुपारी, विमानाच्या सावलीत बसलो असताना कळलं. आमच्या शेताला जाताना ओढ्याचा मोठा उतार आहे. मी पोर होतो तेव्हापासून आबा मला गाडीच्या धुऱ्यावर बसवून कासरा हातात द्यायचे. उताराला भरलेली गाडी बैलांना मागून रेटते, बैल पळायला लागतात आणि खालची वाट धावत वर येते. तेव्हा काय करायचं, ते आबांनी माझ्या हातावर आपला हात ठेवून शिकवलं होतं. "कासरा पोटाशी. पोटाशी घे! अन् सोडायचा न्हाय." मी ते इतकं चांगलं शिकलो होतो, की आबा गावात सांगायचे, माझ्या पोराच्या हातात गाडी कधी उलटली न्हाय. आता जमीन धावत आली की माझे हात कासरा ओढत होते. कारण कळलं म्हणून सवय सुटत नाही. मी खाटेवर पडून हात उशाखाली दाबून धरायचो आणि सकाळी पुन्हा विमान आपटायचो.

दोस्त एकटा उडाला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. पहिल्यांदा एकटं उडालेल्यानं सगळ्यांना दारू पाजायची रीत होती. हा पीत नव्हता, म्हणून त्यानं सगळ्यांना चहा-समोसे दिले, आणि माझ्यापुढं बशी धरून हळूच म्हणाला, "कल तेरे समोसे खाएँगे." माझे समोसे कधी आलेच नाहीत. मोठ्या साहेबानं स्वतः बसून माझी शेवटची परीक्षा घेतली. मी आपटलो, उसळलो, पुन्हा आपटलो. साहेबानं पट्टे सोडले आणि म्हणाला, "हात वाईट नाहीत तुझे. पण ते तुझं ऐकत नाहीत." टोपीतली पांढरी पट्टी मी स्वतः उपसून दिली. उन्हानं टोपी विटली होती. पट्टीच्या जागी तेवढा मूळ रंग राहिला होता. आता आणखी कुणाला काय सांगायचं ते टोपीच सांगत होती.

माझ्यापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या: घरी जा, नाहीतर जमिनीवरचं काम शीक. घर म्हटलं की ओसरीवरची चौकट डोळ्यापुढं यायची. मी जमिनीवरचं काम निवडलं आणि मला बंगळूरकडं धाडलं.

तिथलं शिक्षण असं सुरू झालं: हातात एक ओबडधोबड लोखंडाचा तुकडा आणि एक कानस. घास. सगळ्या बाजू सपाट, सगळे कोपरे काटकोनी होईपर्यंत घास. उजेडाकडं धरून काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की तुकडा बाजूला टाकायचा आणि नवा घ्यायचा. पोरांच्या तळव्यांना फोड आले. मग इंजिन खोलणं, धुणं, जोडणं. प्रत्येक नटाला तार ओवून पीळ द्यायचा, की इंजिनच्या थरथरीनं नट सुटू नये. फाटलेलं कापड शिवून वर रंग चढवायचा, त्या रंगाच्या वासानं डोकं हलकं व्हायचं. पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायचं आणि झटकन मागं सरायचं. आणि ज्यानं दुरुस्ती केली त्याला, वैमानिकाच्या मनात आलं, तर त्याच विमानात मागं बसून वर जावं लागे. नट आवळताना ते ध्यानात राहायचं. मीही गेलो असा एकदा. उतरताना जमीन धावत आली, आणि माझ्यापुढं दांडा नसतानाही माझे दोन्ही हात पोटाशी आले. मी ते मांडीखाली घालून बसलो.

आणखी एक काम होतं, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटायची. लढाऊ विमानाचं इंजिन जमिनीवर पूर्ण जोरात चालवून बघतात तेव्हा शेपटी उचलली जाते आणि विमान नाकावर पडू शकतं. म्हणून दोघं-तिघं शेपटीवर आडवे पडतात, दोन्ही हातांनी कडा धरून. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं, तोंडात धूळ जाते, कपडे अंगावरून सुटून जातील असं वाटतं. पुढं वैमानिक काट्यांकडं बघत असतो. मागं आपण वजन म्हणून असतो. वर्गात मला इंजिनातले सगळे प्रश्न यायचे, पण मी सडपातळ नव्हतो, म्हणून शेपटीसाठी पहिली हाक मलाच असे.

शिक्षण संपलं आणि रजा मिळाली. घरी दोन ओळी लिहिल्या, शिक्षण पुरं झालं, येतोय. कशाचं शिक्षण ते लिहिलं नाही. माझ्या मनात होतं, समोर बसून सांगू. नळदुर्गाकडनं येणाऱ्या गाडीतून मी फाट्यावर उतरलो तर तिथं हलगी वाजत होती. आबा फेटा बांधून उभे. गळ्यात हार पडला, कपाळाला भंडारा लागला, आणि मी "आबा, जरा ऐका" म्हणेपर्यंत मिरवणूक निघाली सुद्धा. घराच्या दारात आई भाकरतुकडा ओवाळायला आली. तिनं आधी माझ्या टोपीकडं पाहिलं. पट्टीच्या जागचा तो गडद रंग पाहिला आणि ओसरीवरच्या चौकटीकडं पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, चला, पोरगं घरी आलं म्हणून झाला असेल.

नवस त्याच दिवशी फेडायचा ठरला होता, कारण तो रविवार होता आणि देवही अणदूरला होता. देवळापुढं लिंबाच्या फांदीला आडत्याचा मोठा तराजू टांगला होता. लढाईमुळं खोबरं मिळेनासं झालं होतं. आबांनी ते तुळजापूर, सोलापूर, कुठून कुठून थोडं थोडं आणून साठवलं होतं. मला गणवेशासकट एका पारड्यात बसवलं. मी पुन्हा "आबा" म्हणालो, तर ते म्हणाले, "आता बोलू नगंस, पारडं हालतंय." दुसऱ्या पारड्यात खोबऱ्याच्या वाट्या पडू लागल्या. आबा स्वतः ओंजळीनं टाकत होते. पारडं जड होत गेलं आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. कुणीतरी ओरडलं, "उडालं, उडालं! विमान उडालं!" पोरं टाळ्या पिटायला लागली. गुरवानं भंडाऱ्याचं ताट उचललं. आबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणायला लागले, "देवा मल्हारी, तुझ्या किरपेनं पोरगं विमान चालवतंय..."

"न्हाय चालवत, आबा."

हे मी धीटपणानं बोललो असं कुणी समजू नये. आमच्याकडं न फळलेला नवस फेडला तर तो उलटतो, आणि उलटतो तो ज्याच्या नावानं बोलला त्याच्यावर. मी लहानपणापासून तेच ऐकत आलो होतो. इंजिन खोललेला, पाठ केलेला माणूस मी, पण त्या पारड्यात लोंबकळताना माझ्या तोंडून खरं निघालं.

हलगी थांबली. आबांनी डोळे उघडले. "काय म्हनलास?"

"मी विमान चालवत न्हाय. जमलं न्हाय मला. मी विमान दुरुस्त करतो."

एक म्हातारा पुढं आला, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "म्हंजी नेमकं काय करतूस, बाबा?"

मी इंजिनचं सांगू लागलो, तारेचं सांगितलं, कुणाला काही कळेना. तेव्हा त्यांना कळेल असं काहीतरी सांगावं म्हणून मी मूर्खासारखा बोललो, "विमान जोरात सुरू केलं की ते उलटू नये म्हणून मी शेपटीवर बसतो."

जो हशा उठला तो मी आजही ऐकतो. देवळाच्या पायऱ्यांवरच्या बाया सुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. आबा हसले नाहीत, ओरडले नाहीत. ते तराजूपाशी आले आणि दुसऱ्या पारड्यातलं खोबरं ओंजळीओंजळीनं काढून पोत्यात भरू लागले. तसतसा मी खाली येत गेलो आणि जमिनीला टेकलो. आयुष्यात मी इतका हळू, इतका नीट कधीच उतरलो नव्हतो.

घरी आल्यावर आबांनी एकच विचारलं. "का न्हाय जमलं?"

मी सांगितलं, "जमीन पुढं आली की माझा हात मागं वढतो, आबा. कासरा वढल्यासारखा."

त्यांनी आपले तळवे उलटे करून पाहिले. मग बैलांना पाणी पाजायला उठून गेले. त्या रजेत ते माझ्याशी पुन्हा फारसं बोलले नाहीत, आणि ओसरीवरची चौकट दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती.

सकाळी आईनं ते पोतं मला उचलायला सांगितलं. "देवळात न्यायचं हाय." आबा गोठ्यातून ओरडले, "कशाला? काय फळलंय म्हणून फेडतीस?" आई उंबऱ्यात उभी राहिली. मी तिला त्यांच्याशी इतक्या सरळ आवाजात बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "तुमचा न्हाय फळला. माझा फळलाय."

मग ते बाहेर आलं. आबा मोठ्यांदा नवस बोलत होते तेव्हा ती मागं उभी राहून मनात म्हणाली होती, देवा, ह्यांचं ऐकू नगंस. पोराला खालीच ठेव. आणि तेव्हापासून ती दर रविवारी उपास धरत होती. मी हैदराबादेत उशाखाली हात दाबून पडत होतो, तेव्हा इथं ती एक वेळ जेवून देवाला सांगत होती, याचं जमू देऊ नको.

मी तिच्यावर इतका भडकलो की काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. "माझ्या वाईटावर होतीस व्हय तू?" एवढं आठवतं. ती म्हणाली, "तुज्या वाईटावर न्हाय रं. मला लई समजत न्हाय, बाबा. वर गेलेलं खाली येतंय का न्हाय, एवढंच समजतंय." आबांनी तोंड फिरवलं. मी पोतं पाठीवर घेऊन तिच्या मागं देवळात गेलो, तिच्यासाठी नव्हे, तर गावानं बघितलं तर निदान मुकाट्यानं काम करताना बघावं म्हणून. तिनं खोबरं पायरीवर ओतलं, भंडारा उधळला, आणि माझ्या टोपीला, त्या गडद डागालाच, भंडाऱ्याचं बोट लावलं. मी ते लगेच पुसलं. नापास झालो याची लाज होतीच. त्यात आईच्या नवसानं नापास झालो ही नवी लाज. पहिली निदान माझ्या हातांची तरी होती.

रजा संपायच्या आतच निघालो. धाराशिवला दोस्तही रजेवर आला होता. त्याच्या छातीवर पंख होते. अम्मानं दर्ग्यात चादर चढवली होती. तिनं मन्नत मानली होती, बेटा पास होऊ दे, पंख मिळू देत. घरभर आनंद नुसता सांडत होता. तिनं आम्हा दोघांना एका ताटात मलिदा वाढला आणि सारखी त्याच्या छातीवरून बोट फिरवत होती. माझ्या छातीकडं तिनं पाहिलं नाही. तेवढ्या एका घरात माझ्या छातीकडं कुणी पाहिलं नाही, आणि तरीही मला तिथं बसवेना. येडशी स्टेशनात आम्ही छोट्या रेल्वेगाडीत चढलो. तो म्हणाला, "मेरा जहाज तूच देखना." मी हो म्हणालो. पुढं आमची ठाणी वेगळी पडली. त्याचं विमान मी कधीच पाहिलं नाही.

मी आसामात होतो तेव्हा कळलं, बर्माच्या बाजूला गेलेली त्याची तुकडी परत आली, तो आला नाही. शोध घेतला, काही सापडलं नाही. ज्यानं सांगितलं त्याला माहीत नव्हतं की आम्ही एका शाळेचे. त्यानं सांगितलं आणि चहा प्यायला निघून गेला. मला शेपटीवर बोलावणं आलं होतं. मी जाऊन आडवा पडलो. त्या वाऱ्यात डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

लढाई संपली, मला सोडलं, मी परत निघालो. येडशीला उतरलो तेव्हा मनात होतं, धाराशिवला थांबायचंच नाही, थेट अणदूरची गाडी धरायची. पण पाय दर्ग्याजवळच्या गल्लीत गेले. अम्मा वाळली होती. तिनं मला बसवलं, चहा आणला, मी नको म्हणत असताना ताट वाढलं. भिंतीवर तोच फोटो होता. दोन टोप्या, दोन पांढऱ्या पट्ट्या. तिनं तो उतरवला नव्हता.

मी खाली मान घालून जेवायला लागलो. तीच म्हणाली, "तुमारी अम्मा बी कुछ मन्नत माने होंगे. क्या माँगे थे?"

आता, ती हकीकत मी बराकीत अनेकदा सांगितली होती. लोक पोट धरून हसायचे: तराजू, खोबरं, "उडालं, उडालं", शेपटी, आणि शेवटी आईचा उलटा नवस. स्वतःची फजिती स्वतःच सांगितली की दुसऱ्याला सांगायला काही उरत नाही, एवढं मी तिथं शिकलो होतो. मला वाटलं, अम्मालाही जरा हसू येईल. निदान या पोराचाही काही मान राहिला नाही, याच्या आईनंच याला पाडलं, हे ऐकून बरं वाटेल. म्हणून मी सगळं सांगितलं, जसं बराकीत सांगायचो तसंच, हातवारे करून. "और मेरी माँ ने क्या माँगा था मालूम? मैं फेल हो जाऊँ. नीचेच रहूँ." असं म्हणून मी हसलो.

अम्मा हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच समजावत असल्यासारखी म्हणाली, "मेरेकू सूझाच नै, बेटा."

मी घास घेतला.

"पास होना माँगी. पंख माँगी. सब माँगी मैं. नीचे उतरना माँगने का मेरेकू सूझाच नै."

घास तोंडातच होता. ती उठली आणि माझ्या ताटात आणखी वाढायला लागली.

संध्याकाळी अणदूरला पोचलो. आई दारात होती. मी टोपी काढून हातात धरली होती. "तुज्या दोस्ताच्या आईला भेटलास?" तिनं विचारलं.

"व्हय."

"काय म्हनली?"

"काय न्हाय," मी म्हणालो, आणि हात-पाय धुवायला मागच्या दारी गेलो.